उदास नसतानाही गोळी मिळण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
ग्रामीण रुग्णालय, करंजपाडा,
ता. शहापूर, जि. ठाणे.

विषय: मंत्रचळावरील गोळ्या पूर्ववत सुरू होण्याबाबत.
संदर्भ: औषध खिडकीवरील तोंडी नकार, दि. ४ जून २००४.

महोदय,

१) मी पायरवाडीची अंगणवाडी सेविका आहे. दोन वर्षांपूर्वी, खिचडीत पाल पडली असेल, मुले दगावतील, या भयाने मी मदतनीस पारूबाईंनी शिजवलेला टोप ओतून देऊ लागले. टोप झाकलेला असे, तरी ओतत असे. घरच्यांनी भगताकडून अंगारा आणून लावला. तोही खिचडीत पडेल म्हणून मी पुसून टाकला.

२) आपल्याकडे महिन्यातून एकदा येणाऱ्या मनोविकार डॉक्टरांनी मंत्रचळ सांगून गोळी दिली. ती उदासीवरची असली तरी मंत्रचळालाही लागू पडते, आणि बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नये, असे बजावले. तीन महिन्यांत गुण आला. मुले अकराला जेवू लागली.

३) एप्रिलपासून डॉक्टरांची फेरी बंद आहे. ४ जूनला मी किन्हवलीला एसटी बदलून जुनी चिठ्ठी घेऊन आले. खिडकीवरील नवे औषधनिर्माते म्हणाले, "तुमी तर हसताय बाई. ह्या उदास मानसाच्या गोळ्या. तुमाला नाय मिळायच्या." मी गोळीमुळेच हसते, हे त्यांना पटले नाही. पुढल्या खेपेस मी मुद्दाम तोंड पाडून गेले. परंतु रांगेत ओळखीच्या अंबूबाई भेटल्या आणि त्यांनी हसवले. हा माझा दोष मी मान्य करते. नंतर सरपंचांकडे उदास असल्याचा दाखला मागितला. तसा नमुना नसल्याने त्यांनी रहिवासी दाखला दिला, तो सोबत जोडला आहे.

४) जुलैपासून टोप पुन्हा ओतला जातो. परवा तीनदा ओतला. सावळी नावाची तीन वर्षांची मुलगी रिकाम्या ताटलीजवळ झोपून गेली. महोदय, टोपात काही नाही हे मला पक्के ठाऊक असते. ठाऊक असून हात थांबत नाही, हेच माझे दुखणे आहे. मला स्वतःची फार भीती वाटते.

तरी जुन्या चिठ्ठीवर गोळ्या द्याव्यात, अथवा आपण स्वतः मला तपासावे. तोवर टोपाला हात लावणार नाही, असे पारूबाईंनी माझ्याकडून कबूल करून घेतले आहे. कालपासून मुले वेळेवर जेवतात. त्या वेळी मी बाहेर बसते आणि पारूबाई आतून कडी लावतात.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,
(सही)
प्रेमा भगीरथ विशे
दि. २२ जुलै २००४