नोट्सप्रमाणे नाही

६ जाने., सोम., सुरत
मनीषाला लेबर लॉच्या इंटर्नलमध्ये नापास केलं. मोठ्या प्रश्नाला शून्य. अर्धा मार्कसुद्धा नाही. शेजारी लाल शाईत डी. सरांचा शेरा: 'नोट्सप्रमाणे नाही.'

पोरगी पेपर घेऊन थेट माझ्याकडे, लायब्ररीत. रडली नाही. 'मॅडम, चूक कुठंय तेवढं दाखवा फक्त.' वाचला. चूक नाहीच! सरांच्या नोट्स म्हणतात, एखाद्या कामावर कंत्राटी माणसं लावायला सरकारने बंदी घातली की ती माणसं आपोआप कंपनीची होतात. तसा सुप्रीम कोर्टाचा निकाल होता, खरंय. पण पुढे मोठ्या बेंचने तो फिरवला, त्यालाही आता किती वर्षं झाली. हिने तेच लिहिलं. शनिवारच्या वर्गात मीच डोकं खाते सगळ्यांचं, ऑनलाइन निकाल उघडला की आधी वरची खूण बघा, लाल असेल तर तो निकाल मेला. हिने बघितली. म्हणून नापास.

इंटर्नल गेली की युनिव्हर्सिटीच्या परीक्षेला बसू देत नाहीत. म्हणजे वर्ष गेलं.

डी. सरांच्या नोट्स काढून बघितल्या. झेरॉक्सची झेरॉक्स. पान सातवर कुणाच्या तरी कपाचा गोल डाग आहे, तो दर वर्षीच्या प्रतीत इमानदारीत उतरतो. डागसुद्धा पाठ असेल पोरांना.

७ जाने., मंगळ.
निकालाची प्रिंट घेऊन स्टाफरूममध्ये गेले. पिवळ्या पेनने ओळी रंगवल्या होत्या. सर म्हणाले, 'बेन, पच्चीस साल से पढ़ा रहा हूँ.' म्हटलं, सर, निकाल त्या पंचवीस वर्षांत मधेच फिरलाय ना. त्यांना आवडलं नाही. 'तुमचं काम पुस्तकं द्यायचं आणि घ्यायचं.' म्हटलं, दिलं की! वाचा.

प्रिंट टेबलावर ठेवली. शिपायाने चहा आणला, सरांनी कप तिच्यावरच टेकवला.

घरी येईपर्यंत डोकं तापलेलं होतं. ह्यांनी विचारलं काय झालं, तर त्यांच्यावरच खेकसले. उगाच.

९ जाने., गुरु.
प्रिन्सिपॉलनी बोलावलं. माझी फाइल समोर. नेमणुकीची अकरा महिन्यांची ऑर्डर, ३१ला संपते, दर वर्षी नवी मिळते. फाइल दाखवायची काही गरज नव्हती, पण दाखवली.

'बेन, तमे लायब्ररी संभाळो ने.' शिकवणं सरांवर सोडा म्हणे. शनिवारचा वर्ग बंद. निकालांच्या ऑनलाइन डेटाबेसचा पासवर्ड बदलला, आता सरांची चिठ्ठी आणेल त्यालाच. मनीषाची फेरपरीक्षा २०ला, प्रश्न तोच. 'नोट्सप्रमाणे लिहिलं की विषय संपला.' आणि मी लेखी द्यायचं की वर्ग माझ्या अधिकारात नव्हता, चूक झाली.

म्हटलं, चूक कुठली ते सांगा, मग लिहिते. साहेब पंख्याकडे बघत बसले. थंडीत बंद होता पंखा.

लेखी देणार नाही. काय करायचं ते करा.

११ जाने., शनि.
वर्ग घेतलाच. लायब्ररीत बंदी आहे, कँटीनच्या बाकांवर नाही! कोर्टाचे निकाल सरकारी साइटवर फुकट असतात, त्याला कुणाची चिठ्ठी लागत नाही. लाल खूण तिथं नसते, म्हणून हाताने शोधायचं: या निकालाबद्दल नंतरची कोर्टं काय बोलली? वेळ लागतो. लागू दे.

एकोणीस जण आले. नेहमी सात येतात. भावेशने मोबाइलमधल्या एआयला विचारून एक फक्कड निकाल आणला होता, नाव, वर्ष, पान, सगळं. म्हटलं, उघड बरं. शोध शोध शोधला, असला निकालच नाही. थंडीत घाम फुटला बिचाऱ्याला. सगळे हसले, मग गुपचूप आपापले निकाल तपासायला लागले.

१४ जाने., मंगळ.
उत्तरायण. गच्चीवर पतंगवाल्यांच्या भोंग्यांनी कान फुटायची वेळ. दुपारी मनीषा वडिलांना घेऊन तिळगूळ द्यायला आली, लिंबायतहून. मूळ पारोळ्याकडचे. घरात अहिराणी, माझ्याशी बोलताना मराठी आणायचा प्रयत्न.

आज कळलं ते लिहिते. वडील इच्छापोरला एका कंपनीत अकरा वर्षं कंत्राटी. गेल्या वर्षी त्या कामावर कंत्राटी माणसं लावायला बंदी आली. मनीषाने सरांच्या नोट्स वाचून घरी सांगितलं, पप्पा, तुम्ही आता कायमचे. त्यांनी पूर्ण शिफ्टला सांगितलं. पेढे वाटले. झेरॉक्स खिशात घालून ऑफिसात गेले, तिथला माणूस हसला. सगळ्यांना गेटबाहेर काढलं. आता पलसाण्याला कापडाच्या डाइंग मिलमध्ये जातात, रोजावर.

'कागद जुना निघाला, ताई,' म्हणाले. पोरीवर राग नाही. 'मनी पोर खोटं बोलत नही. तिला जे दिलं ते तिनं वाचलं.'

मनीषा पूर्ण वेळ तिळगुळाच्या डब्याचं झाकण लावत-काढत बसली होती.

मला पान सातवरचा तो डाग दिसत राहिला.

१६ जाने., गुरु.
आज मी लाज आणली. लिहूनच टाकते.

मनीषाला बाजूला घेतलं आणि म्हटलं, २०ला नोट्समधलं लिही, पास हो, पुढे वकील झालीस की खरं बोल. मीच! जी सगळ्यांना दोन वर्षं खूण बघा खूण बघा म्हणून पिडतेय. पण वडिलांचा चेहरा आठवला, आणि वाटलं, ह्या पोरीचं वर्ष जायला नको. माझ्या हट्टापायी तर नकोच.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'मॅडम, निकाल तुम्ही शेवटपर्यंत वाचला?' नव्हता वाचला. पिवळ्या ओळींवरच थांबले होते. तिने वाचलाय, सगळा, डिक्शनरी घेऊन. आपोआप कायम होत नाही, पण कंत्राट नुसतं नावापुरतं होतं, खरा मालक कंपनीच होती, हे औद्योगिक लवादापुढे दाखवलं तर रस्ता आहे. पगाराच्या चिठ्ठ्या, गेटपास, हुकूम कोण द्यायचं, सगळं तिने वडिलांकडून लिहून घेतलंय. शिफ्टमधल्या बाकीच्यांकडूनही.

'ज्या कागदानं पप्पांना गेटबाहेर काढलं तो मी परत लिखू? नही मॅडम. मी खरं तेच लिखसू.'

तिथंच तिच्याकडून ती पानं वाचून घेतली.

२० जाने., सोम.
फेरपरीक्षा. आणि सुपरव्हिजन कुणाला? मला. प्रि.चा विनोद असावा, नाहीतर इशारा.

वर्गात ती एकटी. प्रश्न तोच. पहिली ओळ मी उभ्या उभ्या वाचली: 'नोट्समधला निकाल आता लागू नाही, कारणे पुढीलप्रमाणे.' हात एकदाही थांबला नाही. सुपरव्हायझरच्या चौकोनात मी एरवी नुसतं आर. खरडते. आज पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. कुणाच्या समोर झालं ते कळू दे.

माफीचं पत्र दिलेलं नाही. फाइल अजून प्रि.च्या टेबलावरच आहे. ३१ला अकरा दिवस.

तिने तिसरी पुरवणी मागितली तेव्हा डी. सर दारात येऊन उभे होते. हातात कप. म्हणाले, 'एवढं काय लिहितेय ती?'

म्हटलं, 'वाचा ना सर. ह्या वेळी तुम्हालाच तपासायचंय.'