गप्प बसलेली पेशी

३ फेब्रुवारी
नव्या नोकरीचा पहिला दिवस उत्तम गेला. लेकीचा आग्रह मानला, हे बरे झाले. प्रयोगशाळेला खिडकी नाही. एका भिंतीशी शेवंडींच्या, म्हणजे मोठ्या समुद्री कोळंब्यांच्या, टाक्या, समोरच्या भिंतीशी काचसामान उकळण्याची गॅसशेगडी. माझे काम नोंदणीचे. शेवंडीची एक मिशी खाऱ्या पाण्याच्या धारेत ठेवलेली असते आणि तिच्यातील गंधपेशींना तारा जोडलेल्या असतात. धारेत वासाचा थेंब सोडला की पेशी बोलते. कर्ण्यातून टकटक ऐकू येते. यंत्रे सांभाळणाऱ्या काकांनी स्वागतालाच टोला हाणला: शेवंडीचे नाक मिशीत असते, साहेबांची मिशी मात्र नुसती शोभेची. खोटे नाही. दोन वर्षांपूर्वीच्या तापापासून मला कसलाही वास येत नाही.

५ फेब्रुवारी
प्रमुख बाईंनी बारकावे समजावले. काही पेशी वास येताच बोलू लागतात. काही मुळातच टकटकत असतात आणि वास येताच थांबतात. गप्प बसणे हेही उत्तरच, ते नोंदवायला विसरू नका, असे त्यांनी बजावले. पंप खोलीतलीच हवा पाण्यात फुंकतो, म्हणून जेवणाचा डबासुद्धा येथे उघडायचा नाही.

९ फेब्रुवारी
आज नियम मोडला. पत्नी गेल्यापासून तिची शाल वर्षभर बरणीत बंद आहे. तिच्यात ती उरली आहे की नाही, हे मला कळण्याचा मार्गच नव्हता. शालीचे टोक खाऱ्या पाण्यात भिजवले आणि त्यातला एक थेंब धारेत सोडला. तिसरी पेशी बोलली. अकरा वेळा. मी खुर्चीत बसून रडलो. वास म्हणजे गंध आणि वास म्हणजे राहणे. दोहोंना एकच शब्द का, ते आज उमगले.

१३ फेब्रुवारी
सात. काल नऊ होते. भिजवून भिजवून मीच तिला धुऊन काढतो आहे, हे कळते. हात आवरत नाही.

१६ फेब्रुवारी
शून्य. शालीत आता फक्त मीठ.
त्या सकाळी ती स्वयंपाकघरातून म्हणाली होती, "अहो, कसला तरी वास येतोय." वर्तमानपत्रातून मान वर न काढता मी उत्तरलो, "मला तर येत नाही." शेगडीची नळी गळत होती. नाक गेल्याचे मी तिला सांगितलेच नव्हते; माझ्या शब्दावर विसंबून तिने काडी ओढली.

१७ फेब्रुवारी
थेंब सोडलेला नाही. नुसते पाणी. तरी पाचवी पेशी, अखंड टकटकणारी, थांबली. दुपारी पुन्हा. बाई परगावी, काका रजेवर. विचारावे कोणाला? रागावली की पत्नीही अशीच गप्प बसे.

१८ फेब्रुवारी
सगळ्या शेवंडी टाकीच्या मागच्या कोपऱ्यात, एकमेकींवर चढलेल्या. पाचवी गप्प. आता सातवीही. ती येथे आहे. राहते आहे. क्षमा मागितली — उत्तर नाही —

१९ फेब्रुवारी, सकाळ
वीज गेली. यंत्र बॅटरीवर. दाराच्या फटीतल्या उजेडात लिहितो. एकही पेशी बोलत नाही. डोके जड.
कर्ण्यातून — की पाठीमागून —
"अहो, कसला तरी वास येतोय."
मला येत नाही, असे म्हणालो. पुन्हा तेच. अक्षरशः तेच.
तिला पाहायचे आहे. मेणबत्ती सापडली. पहिली काडी दमट निघाली. दुसरी ओढ —
रागावून नव्हे. ती रागावून गप्प नव्हती, ती मला सां