मेव्हण्याच्या इंजिनाला आमचं सूत

१५ जानेवारी १९७८, रविवार
नागम्माचा धाकटा भाऊ ईश्वरप्पा शर्यतीची गाडी माझ्या एमआयडीसीतल्या मागांच्या शेडात ठेवून पुण्याला गेला. पाच फेब्रुवारीला इथल्या धावपट्टीवर मोटारींची शर्यत आहे. पुण्याच्या कंपनीचे साहेब बघायला येणार. गाडी नीट पळाली तर त्याला टेस्ट ड्रायव्हरची नोकरी. बिचारा कधीपासून खेटे घालतोय.
लफडं एकच. इंजिनाचा धूर नेणारा पाइप ज्या बोल्टांनी धरलाय, ते तापले की ढिले होतात. त्यांची डोकी फिरू नयेत म्हणून त्यानं पत्र्याच्या पट्ट्या मुडपून बसवल्यात. वर सांगून गेला की दाजी, रोज गाडी जरा पळवा, थंड झाली की बोल्ट आवळा, दुसरं काय बी करू नका.
संकल्प: रोज आवळणे.

१६ जानेवारी
गड्ड्याची जत्रा. सगळे ओढून घेऊन गेले. उद्यापासून नक्की.

१९ जानेवारी
पाना सापडत नाही. माझ्या शेडात वस्तू जागेवर ठेवायची कुणालाच सवय नाही.

२२ जानेवारी, रविवार
पाना माझ्याच पिशवीत निघाला. असो. शांतपणे विचार केला. रोज आवळत बसणं म्हणजे डोकं न वापरणं. आमचे माग दिवसभर धडधडतात, त्यांचे नट आम्ही कसे धरतो? आट्यांवर तेलात भिजवलेलं सूत गुंडाळायचं आणि आवळायचं. वडिलांपासून चालत आलंय. मागाला चालतं ते मोटारीला का चालू नये? सगळ्या बोल्टांना सूत गुंडाळलं. पट्ट्या काढून टाकल्या. दिसायलाही लई वाईट दिसत होत्या.

२३ जानेवारी
पाच मिनिटं इंजिन चालू ठेवलं. एक बोल्ट हलला नाही. शेजारच्या शेडच्या गुरुबसप्पांना दाखवलं. ते म्हणाले, मागाला जाळ नसतो की. लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

२९ जानेवारी
नागम्मा शेडात आली होती. गाडीजवळ समईची वात विझल्यासारखा वास येतोय म्हणाली. नवीन रंगाचा वास असतो, असं तिला सांगितलं. मी बघणारच होतो, पण इंजिन तापलेलं होतं. थंड झालं तेव्हा जेवायची वेळ झाली.

४ फेब्रुवारी
ईश्वरप्पा आला. पाया पडला. पट्ट्या हायत न्हवं, म्हणून विचारलं. व्हय, आतल्या बाजूनं बसवल्यात, अधिक पक्क्या, असं माझ्या तोंडून निघून गेलं. तो बॉनेट उघडायला वाकला होता, तसाच सरळ झाला. दाजींनी केलंय म्हणजे बघायला नको, म्हणाला. त्या वेळी खरं सांगता आलं असतं. पण ऐन शर्यतीच्या आदल्या दिवशी पोराचं मन कशाला बिघडवा?

५ फेब्रुवारी
दुसऱ्या फेरीतच गाडी फटफट करायला लागली. मग बॉनेटखालून धूर. वायरी जळाल्या, गाडी मधेच उभी. धावत गेलो. अर्धे बोल्ट गळून पडले होते, त्यांच्या रिकाम्या भोकांत सुताची काळी राख. साहेबांनी विचारलं, हे बोल्ट कुणी बसवले? मी तिथंच उभा होतो, हातभर अंतरावर. गळ्यात घालायला आणलेला हार माझ्याच हातात होता. ईश्वरप्पानं राख बोटानं चोळून बघितली. माझ्याकडं एकदा बघितलं. आणि साहेबांना म्हणाला, मीच बसवले, माझंच चुकलं.
साहेब म्हणाले, स्वतःच्या गाडीचे बोल्ट जो तपासत नाही त्याला आम्ही आमची गाडी कशी देणार? मी तोंड उघडलं होतं. पण ते तोवर जीपकडं निघाले होते, आणि मोठ्या माणसाला मागून हाक मारणं बरं दिसत नाही.
लाज वाटली. फार.

६ फेब्रुवारी
पुण्याला साहेबांना भेटून सगळं खरं सांगायचं ठरवलं. पण हल्ली एसटीला गर्दी फार असते.

७ फेब्रुवारी
सकाळपासून नागम्मा भावाला बोलतेय. निष्काळजी, हातची नोकरी घालवली, घराण्याची शोभा केली. शेवटी ती मला म्हणाली, तुमी तरी चार शब्द सांगा की त्याला.
मी सांगितले. माणसानं आपलं काम डोळ्यांत तेल घालून करावं, दुसऱ्याच्या भरवशावर राहू नये, असं बरंच काही. बोलायला लागलो की मी थांबत नाही. तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, व्हय दाजी, इथून पुढं कुणाच्या भरवशावर ऱ्हात न्हाय.
नागम्मानं खूश होऊन मला आणखी एक शेंगापोळी वाढली. मी खाल्ली.