पलंगाचा सोफा

१० नोव्हेंबर, सोमवार
रंग झाला एकदाचा. तीन भिंती पांढऱ्या, टीव्हीची ग्रे. प्र. म्हणे, "आभाळ आल्यावानी दिसून राह्यलं." (नवऱ्याचं नाव इथं बी पुरं लिहवत नाही.) वांगं न् पालक सोडून त्याले रंगातलं काय कळते. मले लय आवडला.

अडचण एकच, आबाचा पलंग. आबा म्हणजे माहे सासरे. त्याईच्या लग्नातला, सागाचा, धुरानं काळा पडलेला, उशाकडं कोरलेले दोन मोर. अर्धा हॉल खाते. गुडघे गेल्यापासून आबा दिवसभर त्याच्यावरच. तोंड मात्र शाबूत. तिथूनच भाजीच्या ऑटोवाल्यावर ओरडतात, तिथूनच माझ्या वरणाले नावं ठेवतात.

प्र. म्हणे जुन्या सामानवाल्याले देऊन टाकू. म्हनलं, हात तर लावून पाहा. धाकट्याच्या बाळंतपणाचा सव्वा महिना मी त्याच पलंगावर काढला. आबा तवा ओसरीतल्या बाजेवर झोपले, थंडीत. विकायचा नाही म्हणजे नाही.

१२ नोव्हें., बुध.
मोबाईलवर पाह्यलं होतं तसंच करायचं. उशाकडची फळी सोफ्याची पाठ. पायथ्याची कापून दोन हात. ग्रे गाद्या, पिवळ्या उशा. जुनं बी राह्यते, घर बी नवं दिसते.

सलीम मिस्त्री येऊन गेला. लाकडावर बोटं वाजवली. "भाभी, असा साग आता भेटत नाही. कापायले जिवावर येते." पण करतो म्हणे.

मंग आबाले विचारलं. त्याईनं मोरावरून हात फिरवला, बराच वेळ. "कर. मोर कापू नको फक्त. आन मले कुठं टाकशीन?" म्हनलं, तुमाले नवा पलंग येऊन राह्यला वाशीमहून, उशाकडून वर होते, बसल्या बसल्या जेवता येईन. हासले. "मंग मी बी नवाच होतो," म्हणे. कितीक दिवसांनी हासले.

१५ नोव्हें., शनि.
नुसती धावपळ. मिस्त्री सकाळीच ऑटो घेऊन हजर. नवा पलंग दुपारी येणार होता, दुकानवाल्याचा फोन, आता सोमवारीच. प्र. म्हणे मंग मिस्त्रीले परत पाठव. मीच म्हनलं, आलेला माणूस कायले परत पाठवा, दोन दिवसाचा तर प्रश्न हाय. आबाची गादी खाली टाकू.

पलंगाखाली किती सालाची धूळ. फरशी धुतली, पुसली, वाळू दिली, मंग गादी टाकली. आबा खुर्चीवर बसून सगळं पाहत होते. प्र., मिस्त्री, त्याचा भाऊ आन मी, चौघांनी आबाले उचलून हळूच खाली ठेवलं.

आबा आमच्या तोंडाकडं पाहत राह्यले एकेकाच्या. रात्री अर्धीच भाकर खाल्ली. जागा बदलली म्हणून असन.

१६ नोव्हें., रवि.
शेजारची जिजाकाकू विरजण मागायले आली. दारातच थांबली, डोक्यावर पदर घेतला. हळूच म्हणे, "कधी घेतलं खाली?"

तवा डोक्यात उजेड पडला माह्या. माणूस जायले लागला का त्याले पलंगावरून खाली घेतात. जमीन सारवतात, तिच्यावर ठेवतात. पलंगावर जीव जाऊ देत नाहीत. मले काय माहीत नव्हतं? सासू गेली तवा मीच सारवलं होतं या हातानं. आन काल आबाच्या डोळ्यादेखत फरशी धुतली. घरात टाइल्स आल्या म्हणून का माणसाची अक्कल बी गुळगुळीत व्हावी.

काकूले म्हनलं, पलंग दुरुस्तीले दिला वो, बाकी काही नाही. हो हो म्हणे. विरजण न घेताच गेली. दुपारपासून माणसं यायले लागली. येतात, हात जोडतात, बसतात. मी सगळ्याईले पलंगाचं सांगून राह्यली. जेवढं सांगते तेवढी त्याईची खात्री होते.

आबा भिंतीकडं तोंड करून.

१७ नोव्हें., सोम.
शेलूबाजारची ताई (नणंद) पहिल्या जीपनं आली. दारातूनच रडणं. "मले काहून कळवलं नाही वो, पाप लागन तुमाले." मी सांगायले गेली, तर आबाच बोलले. "रडू नको. जागा धुतली, मंग घेतलं. रीतसर केलं सुनबाईनं."

मी चहाचा कप तसाच ठेवला न् आत आली. ओट्याले धरून रडली. चूल असती तर धुराचं नाव सांगता आलं असतं.

संध्याकाळी नवा पलंग आला.

१८ नोव्हें., मंगळ.
पलंग जोडला. प्र.नं आबाच्या बगलेत हात घातला तर ताई आडवी आली. "खाली घेतलेल्याले वर चढवतात का कोनी? घराले लागन." प्र. म्हणे, बाप मेला नाही माझा. ती म्हणे, मेला नाही तं खाली कायले घेतला? प्र.नं माह्याकडं पाह्यलं. मी आबाची चादर सारखी केली.

शेवटी आबानंच हात झटकला. "राहू दे आता."

पलंग तसाच. प्लास्टिक बी काढलं नाही.

२० नोव्हें., गुरु.
डॉक्टर घरी आणला. नाडी बरी, बीपी बरा, छाती साफ. "खात काहून नाहीत मंग?" मले विचारते. सांगितलं सारं. हासला. "असं काही नसते हो ताई." सलाईन लावून गेला. तो गेटबाहेर पडला न् आबानं सुई ओढून काढली. चादरीले रक्त.

दुपारी सगळे पांगले तवा जवळ बसली. म्हनलं, आबा, तुमच्या गळ्याची शपथ, नव्या पलंगाची गाडी आली नाही म्हणून खाली गादी टाकली. दुसरं काही नव्हतं मनात. त्याईनं माहा हात थोपटला. "तुले कोन काय म्हनलं? चांगलंच केलं. किती दिवस अडवून ठेवू हॉल?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२३ नोव्हें., रवि.
खाणं नाहीच. दोन घोट दूध, ते बी ताईच्या हातून.

मिस्त्रीले फोन केला, पलंग होता तसा करून द्या. तो मंग स्वतःच आला. "भाभी, लांबीचं लाकूड साडेसहा फुटाचं अडीच झालं. जोडीन बी, पन वजन नाही सहन करनार." आबाजवळ खाली बसला, डोक्यावरची टोपी हातात. "चाचा, मोराले हात नाही लावला."

"बरं केलं. घेऊन ये, पाहतो."

ताईनं घरून गंगेची कुपी आणली, देवाजवळ ठेवली. मी उचलून मसाल्याच्या डब्यामागं ठेवली. तिनं परत देवाजवळ ठेवली. 

२६ नोव्हें., बुध.
काल सोफा आला. खोटं कायले लिहू, लय सुंदर झाला. काळं सारं गेलं, आतून सागाचा रंग निघाला. ग्रे भिंतीसमोर मोर असे उठून दिसतात का मोबाईलमधला फोटो झक मारते. दोन मिनिटं मी सारं विसरून पाहत राह्यली. आवडला मले. याची बी लाज वाटते.

भेटायले येणारे त्याच्यावरच बसतात. दुसरीकडं जागा कुठं हाय. पिवळी उशी मांडीवर घेतात न् खाली आबाकडं पाहतात. एक बाई हळूच मले म्हणे, कुठून घेतला? म्हनलं, घरचाच हाय.

प्र. काल त्याच्यावर बसला नाही. आज बी नाही. शेतातून येते, आबाच्या पायाशी खालीच बसून जेवते.

२७ नोव्हें., गुरु.
आबा म्हणे, "कोनी बसा रे त्याच्यावर, मले एकदा दाखवा." प्र. उठून बसला. तंगड्या जवळ घेऊन, परक्याच्या घरी बसल्यावानी. आबानं पाह्यलं. "चांगला दिसतो," म्हणे. प्र. तोंड धुवायचं म्हणून मोरीत गेला, बराच वेळ आला नाही.

फरशी लय गार. गादीखाली दोन सतरंज्या अजून टाकल्या. हळूच विचारलं, पलंगावर घेऊ का आबा? डोळे मिटले.

२९ नोव्हें., शनि.
कालपासून पाणी बी बंद. चमचा लावला तर दात घट्ट. डॉक्टर म्हणे वाशीमले न्या. ताई म्हणे, आता हलवू नका. प्र. कोणाचंच ऐकून राह्यला नाही, आबाच्या पायाशीच बसून हाय.

सकाळी ताई आंघोळीले गेली तवा भाताची पेज केली, पातळ, गाळून. मीठ घातलं. आबाचं डोकं मांडीवर घेतलं. म्हनलं, घ्या आबा थोडं. डोळे न उघडताच म्हणे, "गंगेचं हाय का?"

चमचा हातातच राह्यला. नाही म्हनलं असतं तर तोंड उघडलंच नसतं. म्हनलं, हो आबा.

तोंड उघडलं. एक चमचा, मंग दुसरा. अख्खी वाटी प्याले, थांबत थांबत. पोटात काही गेलं म्हणून मी खुश व्हावं का शेवटचं पाणी म्हणून प्याले याचं रडावं, काही समजून नाही राह्यलं. दुपारी परत केली. परत तेच विचारलं, मी परत हो म्हनलं. परत प्याले.

ताईले सांगितलं नाही. प्र.ले बी नाही.

पण मीठ होतं त्यात. चांगलं चमचाभर मीठ. माह्या वरणात चिमूटभर जास्त पडलं तर ओरडणारा माणूस. त्याईले कळलं नसन, असं कसं?