ईशाचे पातळ पोहे

शुक्रवार, मे २०१७, रोटोटुना, न्यूझीलंड

ईशाने इंजिनिअरिंगबरोबर ज्यू संस्कृती हा जोडविषय (मायनर) म्हणून घेतला तेव्हाच मला शंका आली होती. मुलगा असणार कोणीतरी. आज युनिव्हर्सिटीतून येऊन तिने पातळ पोहे, नारळ, गूळ मागितला. एरवी पोह्यांना नाक मुरडणारी!

"कोणासाठी?"

"क्लाससाठी, आई. कोकणातल्या ज्यूंचा मलिदा करायचाय."

चक्क मराठीत! लेकीने आजवर मला इंग्लिशमध्येच उत्तरं दिली. मग हे कोणी शिकवलं, मी विचारलं.

"त्यांची जुनी कीर्तनं मराठीत आहेत. कळायला नकोत? म्हणून शिकतेय."

पोहे काढून दिले. माझ्यासाठी कधी शिकावंसं वाटलं नाही तिला?

त्यापेक्षा यामागे खरंच कोणी मुलगा असता तर परवडलं असतं.