चेंडूच्या खेळात राहिलेलं नाव

ता. निलंगा, जि. लातूर
१९ जून १९८५

तीर्थरूप मामांच्या चरणी सूनबाई रत्नम्माचे शरणार्थ.

तुमचा खोकला आणि अत्याबाईंचा गुडघा बरा असेल असं धरून चालते. इकडं सगळे खुशाल. टँकर एक दिवसाआड येतो, म्हणून तुमचा नातू अंघोळही एक दिवसाआड करतो आणि दुष्काळावर भलताच खूश आहे. (आणि मामा, पत्त्यावर जिल्हा लातूर लिहीत जा. जिल्हा वेगळा होऊन तीन वर्षं होत आली की! मागचं पत्र उस्मानाबाद फिरून आलं.)

तुम्हीच हट्टानं मला डी.एड.ला घातलंत, तेव्हा फजितीही तुम्हीच ऐका. लातूरला आमचं शिबिर झालं. नवा जिल्हा, नवे साहेब, नवं फर्मान: पहिल्या आठवड्यात खेळातून मुलांची भीड मोडा. बाईनं नाव पुकारून चेंडू टाकायचा, मुलानं तो झेलून "मी अमुक" म्हणायचं. शनिवारी साहेब स्वतः बघणार. एक जरी मूल बिननावाचं राहिलं, तर बाईची खैर नाही.

सोमवारी चिंध्यांचा चेंडू करून पहिलीच्या अकरा पोरांना गोल बसवलं आणि "मलप्पा!" म्हणून चेंडू टाकला. कोणी हलेना. तो ज्याच्या पोटाला लागला त्याला नाव विचारलं, तर म्हणाला, "अप्पा." शेजारचाही अप्पा. तिसरा मामा. चौथा तर मालक! तुम्हाला नवल वाटणार नाही. नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं, आणि सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. मग आई बिचारी लेकराला हाक तरी काय मारणार? सासऱ्याला म्हणते तीच. पाच वर्षांत पोरांनी स्वतःचं नाव ऐकलेलंच नाही.

मी पुन्हा जोरात "मलप्पा!" म्हटलं, तर टँकरची वाट बघत शाळेच्या ओट्यावर बसलेले सत्तरीचे आजोबा उठून उभे राहिले. "हाव बाई, हाय की मी!" मग मी त्यांनाच गोलात घेतलं. त्यांनी नातवाकडं चेंडू टाकला, "घे रं मलप्पा, आजपासून तू बी मलप्पा." ते बघून सिद्रामप्पा आले, अण्णाराव आले, नातीला आजीचं नाव म्हणून शिवम्माही पदर खोचून आल्या. टँकर आला, हॉर्न वाजवून दमला, शेवटी ड्रायव्हरच खाली उतरून खेळ बघत राहिला. इतकी हसले मामा, की डोळ्यांतून पाणी आलं. (या वर्षी तेवढंच फुकट मिळालेलं पाणी.)

तर आता दहा पोरं नावाला ओ देतात.

आपली,
रत्नम्मा

ता.क. पोरं अकरा होती, हे तुमच्या ध्यानात आलं असेलच. अकरावा आपला. त्याच्याकडं मी चेंडू गुपचूप टाकते. काल विचारतो, "आई, समद्यायला नाव हाय, मला न्हाई का?" पत्र आजच्याच कंडक्टरजवळ देते. शुक्रवारच्या गाडीनं या आणि गोलात बसा. येणं जमत नसेल, तर तुमचं नाव घ्यायची परवानगी तरी कळवा. अत्याबाईंना मात्र यातलं काही बोलू नका.

ता.क. दुसरा: खरं सांगते. काल घरात कोणी नसताना मी ते एकदा मोठ्यानं म्हणून बघितलं. काही झालं नाही. छान आहे हो मामा, तुमचं नाव.