हॉलिसचा झाडोरा

४ सप्टेंबर, सोमवार

आमिषाच्या दुकानात डॉयल रस्कचा नवा फोटो लागलाय. दोघांनी मिळून उचललेला चपट्या डोक्याचा कॅटफिश, एका बाजूला डॉयल, दुसऱ्या बाजूला त्याचं टेक्सासचं गिऱ्हाईक, दात काढून. आणि मागे पाण्यातून वर आलेलं ते वीज पडलेलं सायकमोरचं खोड.

खोड सगळ्यांना दिसतं. पण झाडोरा त्याच्या कुठल्या अंगाला, किती खोल, हे फक्त मला आणि हॉलिसला, आम्हा नवराबायकोला माहीत. दर जानेवारीत गावभर फिरून लोकांनी फेकून दिलेली नाताळची झाडं गोळा करायची, बुंध्यांना सिमेंटचे ठोकळे बांधायचे, आणि तिथे नेऊन बुडवायची. लग्न झाल्यापासून हेच केलं आम्ही. बारके मासे त्यात आसरा घेतात, त्यांच्या मागे चपट्या येतो. ज्याने झाडोरा बुडवला त्याचा तो. गिऱ्हाइकांना मासेमारीला नेणारा दुसरा गाइड तिथे फिरकत नाही. या तळ्यावर हे कुणाला शिकवावं लागत नाही.

डॉयलला तर हॉलिसनेच शिकवलं होतं. माझ्या टेबलाशी बसून, माझा मक्याचा पाव खात शिकला तो. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा!

५ सप्टेंबर

सकाळपासून डोकं तेच दळतंय. मी कुणाला बोलले नाही. हॉलिस बोलू शकत नाही — दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. मग डॉयलला सांगितलं कुणी? माशाने?

भांडी घासताना आठवलं. यंत्र! होडीवरचं मासे दाखवणारं यंत्र बिघडलं होतं, वसंतात डॉयल धक्क्यावरून घेऊन गेला दुरुस्तीला. "बटण अडकलं होतं फक्त, मिस लोरीन." आमच्या सगळ्या जागा नोंदवलेल्या आहेत त्यात. एका दिवसात सगळ्या उतरवून घेतल्या असतील.

चोर. साधा चोर.

७ सप्टेंबर, गुरुवार

गुरुवार म्हणजे धरणाच्या टोकाला, दिवसभर. टल्साहून आलेले दातांचे दोन डॉक्टर होते गिऱ्हाईक. काठी पार पाण्याला टेकेपर्यंत हात लावू नका, असं तीनदा बजावलं. पहिला झटका बसला आणि जाड्याने घेतली उपटून. मासा गेला, आमिषाला लावलेला जिवंत पर्च मासा तेवढा अर्धा चघळलेला वर आला. "तुमच्या गळातच काहीतरी दोष आहे, बाई," म्हणे. मी म्हटलं, "तुम्हीही दात असेच घाईने उपटता का?" बरा माणूस होता, हसला.

घरी आले तर हॉलिसची मान लालबुंद. गुरुवारी त्याच्यापाशी त्याची बहीण नेल्डा असते. "पोर्चवर बसला होता गं, उन्हाचं लक्षात आलं नाही." मी मलम चोळलं. हॉलिस मात्र खुशीत. उरलेल्या अर्ध्या तोंडाने हसला माझ्याकडे बघून. बऱ्याच दिवसांनी.

एप्रिलमध्ये मी त्याला म्हटलं होतं, चल, होडीत बस माझ्या, मी उचलून ठेवते. तेव्हा भिंतीकडे तोंड फिरवलं ते संध्याकाळपर्यंत. परत विचारलं नाही मी.

१० सप्टेंबर, रविवार

चर्चमध्ये डॉयल पुढच्याच बाकावर. लाल नवी होडी घेतलीय, तिच्यावर स्वतःचं नाव रंगवलंय हातभर अक्षरांत. बाहेर पडताना म्हणाला, "हॉलिस कसाय, मिस लोरीन?"

"घर विसरलास का? येऊन बघ की."

बुटांकडे बघत उभा राहिला. "येईन." झटका आला तेव्हा पहिला महिना रोज यायचा. मग बंदच झाला. गुरूची वाचा गेली, आता त्याच्याकडून मिळायचं काय उरलं!

पास्टर दुसरा गाल पुढे करण्याबद्दल बोलले. माझे दोन्ही गाल वापरून झालेत.

१२ सप्टेंबर

ठरलं. गोठ्यामागच्या जुन्या कुंपणाची काटेरी तार पडून आहे, गंजलेली, भेंडोळीच्या भेंडोळी. झाडोऱ्यात सोडायची. चपट्या लागला की पहिलं धाव घेतो फांद्यांत. तारेत गेला की दोर तुटणार. दर वेळी, दर गिऱ्हाइकाचा. डॉयलकडे मासा लागतो पण वर येत नाही, असं एकदा तळ्यावर झालं की पुरे.

आमिषाच्या दुकानवाल्या मर्लकडून सिमेंटचे ठोकळे घेतले. म्हणतो, "सप्टेंबरात झाडोरा? तुझी झाडं तर अजून जंगलात उभी आहेत."

"आगाऊ तयारी," मी म्हटलं.

झाडोरा माझाही वाया जाणार, कळतंय मला. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन. कापते. नाक माझं आहे.

१३ सप्टेंबर

टाकली. सकाळी धुकं होतं, कुणी नव्हतं. भेंडोळी ठोकळ्यांना बांधून एकेक सोडली. हात सोलून निघाले. बुडताना बुडबुडे आले, मग काही नाही. यंत्राच्या पडद्यावर बघितलं — झाडोऱ्यातच बसलीय, कुणाला वेगळी दिसायची नाही.

वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. परत येताना चक्क गुणगुणत होते.

१४ सप्टेंबर, गुरुवार

काही खबर नाही. मर्ल म्हणाला, डॉयल आज तळ्याच्या वरच्या अंगाला होता. बघू. मला घाई नाही.

१८ सप्टेंबर

पहिला! डॉयलच्या गिऱ्हाइकाचा मोठा मासा दोर तोडून गेला, सायकमोरपाशी. मर्लने सांगितलं. "जुनं लाकूड असेल खाली," मी म्हटलं, आणि एक कोक जास्त घेतला.

२१ सप्टेंबर, गुरुवार

देव आहे.

धरणाकडून परतताना मर्लने धक्क्यावरच गाठलं. दुपारी डॉयलच्या होडीत कुणालातरी फार मोठा चपट्या लागला, झाडोऱ्यात घुसून अडकला. आणि डॉयलने दोर तोडायचा सोडून अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारली. दोर धरून खाली गेला मासा सोडवायला! हाताने बिळातून मासे ओढणारी जात ती, पाण्याखाली हात घालायला घाबरत नाही. पण माशाचे दात वेगळे, तार वेगळी. हात मनगटापासून खांद्यापर्यंत फाटला. इस्पितळात नेलाय. या मोसमात काठी धरत नाही आता.

"गिऱ्हाईक कोण होतं एवढं लाडाचं?" मी विचारलं. मर्लला माहीत नव्हतं.

मी घरी येऊन पीच पाय केला. हो, केला! कुणी मेलेलं नाही. गुरूच्या घरात चोरी करणाऱ्याचा हात सोलला, एवढंच. माझेही सोललेत.

हॉलिसने पायला हात लावला नाही. भिंतीकडे तोंड करून बसलाय. डावा तळवा सालटं निघाल्यासारखा लाल. खुर्चीच्या चाकाने झालं, असं नेल्डा म्हणाली आणि न जेवताच निघून गेली. हिचं काय बिनसलं कोण जाणे. मी दोन तुकडे खाल्ले.

२३ सप्टेंबर, शनिवार

डॉयल आला होता. हात गळ्यात बांधलेला. आत ये म्हटलं नाही मी. उलट यंत्राचं सगळं तोंडावर फेकलं, चोर म्हटलं. 

"यंत्रातून कशाला घेऊ? जागा हॉलिस दाखवतो, मिस लोरीन. डाव्या हाताने. दर गुरुवारी नेतो मी त्याला. गिऱ्हाइकांनाही ने, असं खुणेनं सांगतो. पोत्यासारखं उचलून होडीत ठेवलेलं तुम्ही बघू नये असं त्याला वाटतं, म्हणून तुमच्यापासून लपवलं. परवाचा मासा त्याचा होता. एका हाताने धरून बसला, सोडेना. रडत होता. मग मी काय करणार?"

मी सोललेले हात एप्रनखाली घेतले.

"खाली तार आहे. ठोकळ्याला बांधलेली गाठ हाताला लागली माझ्या. ती गाठ हॉलिसने आपल्या दोघांनाच शिकवलीय." मग म्हणाला, "त्याला मी सांगितलेलं नाही."

पायरीवरून उतरून गेला.

आत हॉलिस डाव्या हाताने टेबल वाजवतोय. टोपी घालून बसलाय. डॉयलचा आवाज ऐकला, त्याला वाटतंय तो न्यायलाच आलाय.